बापाचं दूध

बसा पाव्हणं, आमच्या निवास मेकॅनिकची गोष्ट सांगतो. गडी वर्षभर अंटार्क्टिकाच्या बर्फात मशिनी दुरुस्त करून आला. तो आला आणि बायको गेली पोलीस ट्रेनिंगला. सहा महिन्यांची पोर ह्याच्या छातीला बांधलेली.

तसाच गिरणीत दळण घेऊन गेला, तर चुलता चारचौघांत म्हणाला, "निवाश्या, सूनबाईला माघारी बोलव. बापाला कधी दूध फुटतं का रं?"

सगळी हसली. निवासनं पोरीच्या तोंडात बाटली दिली.

"फुटतं, तात्या. डोळ्यांनी बघितलंय. तिकडं कमरेच्या वर येणारा पेंग्विन असतो. मादी अंडं देऊन समुद्रावर जाती. बाप दोन महिने अंडं पायांवर घेऊन वादळात उपाशी उभा. पिल्लू निघालं अन् मादी नाही आली, तर ह्याच्याच घशातनं दुधासारखं येतं. तेच पाजतो."

"पाखरू हाय ते."

"मग मी तर माणूस हाय. ती वर्दी घालूनच येणार."

आन् पिठाचा डबा उचलून चालू पडला.

आता त्याच्या दारावरनंच गाडी न्याल, तवा हॉर्न तेवढा वाजवू नका, पाव्हणं. पोर आत्ताच झोपलीय.