दुसरी हनुवटी

भट्टीचं दार उघडलं आणि पेंटरच्या आधी वाचनालयाच्या अध्यक्षांनीच आत डोकं घातलं. काचेवर चित्र त्यांचंच होतं. उद्या ती काच वाचनालयाच्या दर्शनी खिडकीत बसायची होती, आणि भट्टी गार व्हायला लागलेले दोन दिवस त्यांनी कसेबसे काढले होते.

पेंटरने काच बाहेर काढून खिडकीपाशी उजेडात उभी केली. कोट झकास उतरला होता. चष्म्याची काडी सोनेरी चमकत होती. आणि हनुवटीखाली अंगठा उमटला होता.

चांगला ठसठशीत अंगठा. डावीकडून उजवीकडे फिरलेला आणि शेवटी असा टेकलेला, की रेघा मोजून घ्याव्यात. “हनुवटी एकच काढा,” असं अध्यक्षांनी बजावलं होतं, म्हणून पेंटरने दुसरी हनुवटी करड्या सावलीत गडप केली होती. आता अंगठ्याने पुसलेल्या जागेतून नेमका उजेड येत होता, आणि दुसरी हनुवटी पहिलीपेक्षा उठून दिसत होती.

“पुसा ते,” अध्यक्ष म्हणाले.

पेंटरने समजावून सांगितलं. भाजण्याआधी हा रंग म्हणजे वाळलेली पूड, जरा बोट लागलं तरी निघते. पण सहाशे डिग्रीवर भाजला की त्याचीच काच होते. आता पुसायची सोय नाही, फोडायची आहे.

मग जे व्हायचं तेच झालं. अध्यक्षांनी सगळा राग पेंटरवर काढला. असल्या धांदरट माणसाच्या हाती उरलेल्या सहा खिडक्या कशा द्यायच्या, असं त्यांनी चिटणिसांना विचारलं. चिटणीस म्हणाले, खरं आहे. ते गेली अकरा वर्षं हेच म्हणत होते.

पेंटरची तीस वर्षं पेले आणि दिव्यांच्या काचा रंगवण्यात गेली होती. अख्ख्या खिडक्या आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होत्या, आणि त्या सहांची चित्रं त्याने मनातल्या मनात कधीच काढून ठेवली होती. शिवाय अंगठा त्याचा नव्हता. तेवढं तरी सिद्ध करावं म्हणून त्याने काचेच्या एका तुकड्यावर तोच करडा रंग फासला, दिव्याखाली वाळवला आणि आपला अंगठा टेकवला. नुसता गुळगुळीत डाग उमटला. रंग घोटून घोटून त्याच्या बोटांच्या रेघा केव्हाच झिजून गेल्या होत्या.

आता चिटणिसांची पाळी आली. त्यांनी आधी अध्यक्षांकडे पाहिलं, मग अंगठा टेकवला. तो भेंडीसारखा निमुळता निघाला. आपण संशयाच्या पलीकडे आहोत हे दाखवायला अध्यक्षांनीही अंगठा दिला. तो बशीएवढा उमटला.

अध्यक्षांच्या बायकोला कुणी विचारलंच नाही. त्या कोपऱ्यात थर्मासमधला चहा ओतत होत्या. नवऱ्याचा पारा चढला की त्या चहा ओतायच्या. अध्यक्षांनी उभ्या उभ्या एक घोट घेतला आणि वाचनालयाच्या अब्रूवर पुन्हा सुरू झाले. चहाचा एक ओघळ त्यांच्या हनुवटीवर आला. वहिनी पिशवीत थर्मासचं झाकण शोधत होत्या. वर न बघताच त्यांनी हात लांब केला, अंगठ्याने डावीकडून उजवीकडे ओघळ पुसला आणि शेवटी जरा दाबला. भाषण क्षणभरसुद्धा थांबलं नाही. चाळीस वर्षांची सवय होती दोघांची.

पेंटर काचेकडे बघत राहिला, मग वहिनींच्या अंगठ्याकडे. चिटणिसांच्याही ते नजरेतून सुटलं नाही, आणि ते लगेच छत न्याहाळू लागले.

सांगावं तर बाईंचा चारचौघांत पाणउतारा होणार, गप्प बसावं तर सहा खिडक्या जाणार. पेंटरने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला वाईट वाटलं ते याचं, की तो खरोखरच सांगणार होता.

त्याची सुटका वहिनींनीच केली. चष्मा चढवून त्या काचेपाशी आल्या, वाकून पाहिलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि चित्रातली हनुवटी घासू लागल्या.

“परवा भट्टी लावायच्या आधी बघायला आलो होतो ना, तेव्हाही पुसलं होतं मी,” त्या पेंटरला म्हणाल्या. “यांच्या हनुवटीला कायम काहीतरी लागलेलं असतं. पण हे काही निघत नाही हो.”

खरं आहे म्हणावं की नाही, हे चिटणिसांना अकरा वर्षांत पहिल्यांदाच कळेना.

अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली आणि स्वतःच्या हाताने हनुवटी पुसली. दोन्ही.

“ही काच अशीच बसवा,” ते पेंटरला म्हणाले. “उरलेल्या सहांत फुलं काढा. आणि भाजून होईपर्यंत हिला आत घेऊ नका.”