विहिरीवरची ओटी

जोतिबाच्या डोंगराखालच्या त्या गावात जुन्या विहिरीवर नवा बोर्ड लागला. 'गावाला पाणी लागावं म्हणून थोरल्या वाड्याच्या सुनेनं स्वखुशीनं इथं देह ठेवला.' सरपंचानं माइकवर ते मोठ्यानं वाचलं आणि अंजनाकाकीच्या मस्तकात तिडीक गेली. आज तिची नवी सून अवनी त्या बाईची ओटी विहिरीत सोडणार हुती. दरसाली गावातली नवी सूनच सोडती. अवनी पार काठावर हुबी, आणि रिवाजापरमानं भावकीतल्या दोघा बाप्यांनी तिचं दंड गच्च धरून तिला पुढं झुकवलेलं.

"सोडा रं तिला!" काकी वरडली. "ओटी सोडाय दोन गडी कशाला लागत्यात?"

"काकी, वाडवडलांची रीत हाय," सरपंच हसला. "पोरगी पडू नये म्हणून धरत्यात."

काकीनं गर्दीत घुसून अवनीला हिसका मारून मागं वढलं.

"पडू नये म्हणून धरनारा असा मागं वढतो, सरपंच! माझ्या टायमाला मला पुढं रेटलं, आत्ता हिला रेटालेत, आणि म्हणं रीत हाय. खुशीनं जानारीला रेटाय लागत न्हाय!"