नवव्यांदा

“ते माझ्या मशीनवर ठेवायचं नाही,” शिंपी म्हणाला.

धाकट्या भावानं नाण्याची निळी डबी उचलली. नागरी शौर्य पुरस्कारांना पन्नास वर्षं झाली म्हणून सरकारनं खास नाणं काढलं होतं आणि पुरस्कार मिळालेल्या प्रत्येकाला एकेक दिलं होतं. शाळेची बस कालव्यात कलंडली, तेव्हा पुलाचा कठडा वेल्डिंगनं जोडत असलेल्या या धाकट्यानं उडी मारून खिडकीतून आठ पोरं बाहेर काढली होती. नववी राहिली. ती शिंप्याची मुलगी.

तेव्हापासून अकरा वर्षं शिंप्यानं भावाला दुकानाची पायरी चढू दिली नव्हती; आज तो न विचारताच आत आला होता. चारचौघांत दिसला की हा सुरू. “परक्यांची आठ वाचवली आणि घरची एक सोडली! वर पदक मिरवतोय!” धाकटा मूग गिळून ऐकायचा. लोकांना त्याच्या सोशिकपणाचं भारी कौतुक. वहिनी तर नवऱ्याशी त्याच्या बाजूनं भांडायची. आजही तीच आतून पाणी घेऊन आली.

“दादा, नाण्यावर बघ, एक हात दुसऱ्याला ओढून काढतोय,” धाकटा म्हणाला. “तसं झालंच नव्हतं.”

“मग कसं झालं?”

“मी एकालाही ओढलं नाही. आपली पोर आतून एकेकाला उचलून माझ्या हातात देत होती. मी ओरडत होतो, आधी तू ये. तर म्हणे, काका, हा लहान आहे, याला घे. असं आठ वेळा. नवव्यांदा आतून कुणी आलंच नाही.” त्याला रडू फुटलं. “काठावर लोकांनी मलाच खांद्यावर घेतलं. मग सांगायची हिंमत झाली नाही रे.”

शिंपी उठला. त्यानं भावाची कॉलर धरली. आता हा मारतोय, असंच वाटलं. पण त्याची बोटं आपोआप सुटली.

“म्हणजे तू तिला सोडली नव्हतीस,” तो कसाबसा म्हणाला. “उगीच शिव्या दिल्या तुला.”

वहिनीनं पेला खाली ठेवला.

“ती घाबरून आईला हाका मारत गेली, असं समजून मी अकरा वर्षं जगतेय, भावजी,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला ठाऊक होतं.”