ढब्बूचा वाडगा

वाडग्याच्या कडेवरचे सगळे दिवे हिरवे झाले. उकडलेली कोंबडी, काळजाचा तुकडा, अंड्याचा बलक, कवचाची पूड, सगळं बोक्याला हवं त्या प्रमाणात होतं. इंदुताईंनी लांब दांड्याच्या पळीने ते ढवळलं आणि पळीनेच वाडगा पुढे सरकवला.

ढब्बूने वास घेऊन तोंड फिरवलं. इंदुताईंचे यजमान गेल्यापासून त्याचं खाणंच तुटलं होतं.

मांजराला काय काय वास येतो ते त्याच्या गळ्यातला पट्टा शब्दांत सांगायचा. आजही तो म्हणाला, "कोंबडी आहे. काळीज आहे. माणूस नाही."

"पट्टा बिघडलाय," इंदुताई फोनवर मुलीला म्हणाल्या. "मी काय भूत आहे?"

"आई, बाबा हाताने कालवायचे," पडद्यावरून गिरिजा म्हणाली. "तू पळी सोडतेस कुठे?"

"अगं, आमच्या घराण्यात कुणी मांसाला बोट लावलेलं नाही!"

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? आजही उपाशी राहिला तर हाती लागायचा नाही."

इंदुताईंनी पदर खोचला, डोळे मिटले आणि वाडग्यात हात घातला. ते कोमट होतं, वरणभात कालवताना लागतं तसंच. त्या सावकाश कालवत राहिल्या.

ढब्बू उठून जवळ आला. पट्टा बोलू लागला, "कोंबडी आहे. काळीज आहे. माणूस आहे." मग जरा थांबून म्हणाला, "तो नाही."

"ठाऊक आहे रे मला," इंदुताई म्हणाल्या.

ढब्बू त्यांची बोटं चाटू लागला.