हसू नका, मावशी

मोठी भरती आली, की पॅसिफिकमधल्या, समुद्रात बुडत चाललेल्या तुवालूच्या बेटावर पाण्यामागोमाग फोटोवालेही येतात. लोसालीनच्या अंगणात गुडघाभर पाण्यात उभा असलेला सिडनीचा फोटोवाला वैतागला होता. “मावशी, हसू नका ना! घर बुडतंय तुमचं!” “अरे, ओसरेल दुपारनंतर. संध्याकाळी आमचा व्हॉलीबॉल आहे.” “तरी डोळ्यांसमोर आणा, हे सगळं गेलं तर?” लोसालीनच्या डोळ्यांसमोर आली कालची हरलेली मॅच. तिचा चेहराच पडला. त्याने खटकन फोटो काढला. “वा! असंच हवं होतं!” लोसालीनला गंमत वाटली. “आण बघू कॅमेरा इकडे, तुझाही फोटो काढते. तुझं घर कुठंय रे?” “समुद्रकाठीच,” तो हसत म्हणाला. “मग तूही आण डोळ्यांसमोर.” पायांशी पाणी हललं, तसं त्याचं हसू विरत गेलं. लोसालीनचं बोट बटणावरच थबकलं. “हस की रे,” ती म्हणाली, “नाहीतर लोकांना वाटेल, तू कायम असाच असतोस.”