लेहच्या वाटेवरची मेंढरं

गाडी पुढं जाईना. रस्ताभर मेंढरं होती. भारतनं हॉर्नवर हात ठेवला, तेवढ्यात शेजारून आबा म्हणाले, "वाजवू नको. बिचकतेत." आणि दार उघडून खाली उतरले.

लेह अजून साठेक किलोमीटर होतं. दोन्ही बाजूंना उघडेबोडके तांबूस डोंगर, मधून नदी, आणि मे संपत आला तरी रस्त्याच्या कडेला मळकं बर्फ. जालन्यात या वेळी डांबर पाघळत असेल. भारतनं वडलांसाठी घेतलेलं महागाचं जाकीट आबांच्या अंगात होतं खरं, पण त्यावरून घोंगडी होतीच. जाकीट पोराच्या समाधानासाठी होतं, थंडीचं काम घोंगडीकडं.

कळपामागून एक बाई आली. तिनं आबांकडं नंतर पाहिलं, आधी घोंगडीकडं. काठ दोन बोटांत धरून चोळून बघितला. तोवर आबांनी तिच्या एका मेंढीचा जबडा उघडून दात बघितले होते. झाली ओळख.

"तुम्हारे पास कितना है?" बाईनं विचारलं.

आबा हसले. कळपाचा आकडा उघड सांगायचा नसतो, दृष्ट लागते. पोटच्या पोरांनाही त्यांनी तो कधी धड सांगितला नव्हता.

"भोत हैं," ते म्हणाले.

भारतनं घड्याळात बघितलं. कारण गावाकडची ती मेंढरं आज दुपारपर्यंतच आबांची होती.

बेत दोघा भावांचा होता. गावाकडं, आष्टीच्या शिवारात चराई उरली नव्हती. पडीक रानं उसाखाली गेली, बांध ट्रॅक्टरनं खाल्ले. धाकटा रामेश्वर कळप घेऊन गावोगाव हिंडायचा आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खाऊन परत यायचा. मागच्या हिवाळ्यात त्याच्या कमरेनंही जवाब दिला. विकायला आबांची ना नव्हती. व्यापारी आला की ते त्याला चहा पाजायचे, भाव ठरवायचे, पान खायचे. आणि मेंढरं बाहेर काढायची वेळ आली की जी पहिली हाताशी येईल तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. हात काही निघायचा नाही. व्यापारी मनातल्या मनात शिव्या देत निघून जायचा. असं तीनदा झालं.

मग थोरल्या भारतनं डोकं लढवलं. तो बियाण्याच्या कंपनीत विक्री बघायचा. माणसाला कुठून कधी हलवायचं, हे त्याला बराबर कळायचं. "आबा, लडाख बघायचं का? गाडीनं जाऊ, तुम्ही आन मी." लेकीच्या लग्नात अक्षता पडल्याबरोबर ज्या माणसानं कळपाची वाट धरली होती, तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून ओट्यावर बसला. म्हातारपणी माणूस हौशी होतो, असं दोघा भावांनी ठरवून टाकलं. सोयीचं असलं की माणूस फार लवकर ठरवतो.

बाईनं थर्मासातून लोणी घातलेला खारट चहा ओतला. वाटेत प्रत्येक हॉटेलातल्या चहाला नावं ठेवत आलेल्या आबांनी तो मुकाट्यानं प्यायला. तिनं एक कोकरू उचलून त्यांच्या हातात दिलं, ते त्यांनी घोंगडीत घेतलं. इतके दिवस ते डोंगर कसे बघत होते, तर परक्याच्या लग्नाचा अल्बम बघावा तसे, पानं उलटत, मान डोलवत. आता त्यांचा चेहरा निराळाच होता.

भारतला ते बघवेना. फोन घेऊन तो शेजारचा चढ चढला. वर गेल्यावर कुठं रेंजची एक कांडी दिसली.

"रामेश्वर, ट्रक आला का?"

"आलाय दादा. भरून राह्यलेत. पण चढंना एकपण."

"थांबव. सौदा मोड."

"काय बोलून राह्यला तू?"

"आबा इथं कोकरू घेऊन बसलेत रे. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू मी?"

"आन मी कोणत्या तोंडानं रोज लोकांच्या बांधावर जाऊ?" रामेश्वरचा आवाज चिरला. "तू सणाला येतो दादा. सणापुरतं तुला समदं गोड वाटतं."

मागं धाप लागल्याचा आवाज आला. कोकरू बाईला परत देऊन आबा चढून आले होते. त्यांनी हात पुढं केला आणि लहानपणी चोरलेली बोरं द्यावीत तसा भारतनं फोन देऊन टाकला.

"रामेश्वर," लांबचा फोन म्हणून आबा मोठ्यानं बोलले, "ट्रक बांधाला लावला का? मागून लोटू नको. काळी शेळी पहिली चढव, तिच्यामागं समदी जातेत. आन कोकरं आयांपाशी ठेवायला सांग."

पलीकडून बारीक आवाजात आलं, "हां, आबा."

आबांनी फोन परत दिला आणि दगडावर टेकले. खाली बाई कळप घेऊन नदीकडं उतरत होती. गाडीपुढचा रस्ता मोकळा झाला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?" भारतनं विचारलं.

"जन्मभर मेंढरं राखली मी, भारत. मेंढरू न्हाई झालो."

"मंग आलात कशाला इतक्या लांब?"

आबांनी घोंगडी सावरली.

"घरी असतो, तर जाऊ दिली असती का मी?"