सगुणाची गाणी

सगुणाच्या मुलाच्या वाढीची तपासणी संपवून कुंदाने लाकडी ठोकळे पिशवीत भरले, तरी सगुणा दारातून हलेना.

"ताई, पलीकडच्या पाड्यावर माझ्या बहिणीकडं तुमच्यातल्या एक बाई दर आठवड्याला येतात. लेकराशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते शिकवतात. तिची पोरगी चुरुचुरु बोलते. माझा दिपू दोन वर्षांचा झाला, अजून आई म्हणत नाही. आमच्याकडं नुसती मोजमापं का?"

कुंदा ज्या संशोधनासाठी यायची, तेच तसं होतं. एका पाड्यावर शिकवायचं, दुसऱ्यावर फक्त पाहायचं. म्हणजे फरक कळतो. कुंदाला ते सांगवेना.

"तरी मी बहिणीकडून सगळं शिकून घेतलं," सगुणा म्हणाली. "भाकरी थापताना त्याच्याशी बोलते, अंघोळ घालताना गाणी म्हणते. माझं काय चुकतंय?"

तेवढ्यात मांजराने फळीवरचं पातेलं पाडलं. दोघी दचकल्या. अंगणात रेघोट्या ओढणाऱ्या दिपूने मात्र मानही वर केली नाही.

कुंदाने त्याच्या मागे बसून टाळी वाजवली, हाक मारली. तो वळला नाही. मग उठून तिने सगुणाचा हात धरला.

"तुझं काहीच चुकलं नाही गं. त्याला ऐकू येत नसावं. उद्या मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येते."

सगुणाने दिपूला उचलून घेतलं. तो हसून तिच्या ओठांकडे टक लावून बघू लागला.

"रोज असाच बघतो," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझी गाणी आवडतात त्याला."